लांबून काय ते काढा

(पुण्यातील हौशी छायाचित्रकारांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज सभागृहाकडे येताना जिन्याखाली एक चेतक स्कूटर उभी दिसली. तिचा मूळ रंग कोणता असावा हे सांगणे अवघड होते, सीटचे रेक्झिन दोन ठिकाणी उसवले होते आणि हँडलला भाजीची पिशवी अडकवलेली होती. तिचे मालक समोर बसले असतील तर त्यांची आधीच क्षमा मागतो, कारण त्यांना न विचारता मी तिचे दोन फोटो काढले आहेत. त्या दोन फोटोंकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

जुन्या गाड्यांचे फोटो म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संस्थानिकांच्या रोल्स रॉइस आणि लांबलचक ब्युइक येतात. शब्दाचा काटेकोर वापर करणारे इंग्लंडमधील जाणकार तर १९१९ ते १९३० या काळात बनलेल्या मोटारीलाच ‘व्हिंटेज’ म्हणतात आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या गाड्यांना वेगळी नावे देतात. आपल्याकडे मात्र केंद्र सरकारने २०२१ साली नियमांत जी व्याख्या घातली ती अधिक ऐसपैस आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. तिला क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, मात्र त्यानंतर ती रोजच्या कामासाठी रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच बाहेर पडू शकते. आकुर्डीची चेतक बाजारात आली ती १९७२ साली, आणि लुनाही त्याच वर्षी. म्हणजे त्यांच्यापैकी अगदी पहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. पुण्यातल्या माणसाला व्हिंटेज गाडी शोधायला राजस्थानात जाण्याची गरज उरलेली नाही. स्वतःच्या सोसायटीच्या वाहनतळात, टायर चेपलेल्या अवस्थेत आणि धुळीने माखलेल्या ताडपत्रीखाली ती सापडण्याची शक्यता बरीच आहे.

आता साध्या कॅमेऱ्याविषयी. मी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या आहेत. एक माझा मोबाइल, जो चार वर्षांपूर्वीचा आणि मध्यम किमतीचा आहे. दुसरी वस्तू म्हणजे अगफा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला हा कॅमेरा सत्तरच्या दशकात अनेक मध्यमवर्गीय घरांत होता. त्यात १२० चा रोल बसायचा आणि त्यावर सहा सेंटिमीटरचे बारा चौकोनी फोटो यायचे. फोकस करण्याची सोय नाही, शटरचा वेग बदलण्याची सोय नाही. कापणे, मोठे करणे, पुन्हा काढणे हे सगळे पैशांच्या हिशेबातले. दोन्ही वस्तूंमध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचे अंतर असले तरी एका बाबतीत त्या सख्ख्या बहिणी आहेत: दोघींचीही भिंग आणि छिद्र बहुतांशी ठरलेली असतात, आणि त्यामुळे कॅमेऱ्याला जे करता येत नाही ते फोटो काढणाऱ्याला स्वतःच्या पायांनी, गुडघ्यांनी आणि वाट पाहून करावे लागते.

क्लिक थ्रीने काढलेल्या माझ्या पहिल्या रोलची हकिगत सांगतो. १९७७ सालची मे महिन्याची सुट्टी होती. नारायण पेठेत आमच्या वाड्यासमोर एका डॉक्टरांची मॉरिस एट उभी असे. ती तेव्हाच चाळीस वर्षांची होती. काळी, दोन दरवाजांची, पुढच्या मडगार्डांच्या मधोमध वाडग्यांसारखे दोन सुटे हेडलाइट असलेली. मामाने कॅमेरा दिला होता, रोल वडिलांनी घेऊन दिला होता आणि बारापैकी दहा फोटो मी त्या मोटारीचे काढले. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका स्टुडिओतून फोटो धुऊन आले तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी पाकीट माझ्या हातात देता देता विचारले, “गाडी झकास आली आहे, पण हा हाफपँटवाला कोण?” मी फोटो उलटसुलट करून पाहिले. दरवाजावर मी होतो, मागच्या मडगार्डावर मी होतो, चाकाच्या टोपीवर मी फुगून बसलो होतो, आणि सगळीकडे माझे दोन्ही कोपर कॅमेरा धरल्यामुळे बाहेर आलेले होते. चार फोटोंत नंबरप्लेट अर्धी कापली गेली होती ती वेगळीच, कारण त्या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी एका जागी आणि भिंग दुसऱ्या जागी, त्यामुळे जवळच्या वस्तूच्या बाबतीत दोघांचे एकमत होत नसे.

पुढे तीस-पस्तीस वर्षांनी तीच निगेटिव्ह मी स्कॅन करून मोठी केली, तेव्हा डाव्या हेडलाइटच्या वाडग्यात आणखी एक गोष्ट दिसली. आमच्या वाड्याचा दर्शनी भाग, सज्जाच्या लाकडी कठड्यासह, आणि कठड्यावर वाळत घातलेले आईचे लुगडे. निगेटिव्हवर हे सगळे टाचणीच्या डोक्याएवढे आहे. वाडा केव्हाच पडला, त्या जागी आता पाच मजली इमारत आहे, आणि वाड्याच्या रस्त्याकडच्या बाजूचा एवढा एकच फोटो आमच्या घरात उरला आहे. तोही मोटारीचा म्हणून काढलेला.

जुन्या गाडीचा फोटो काढताना जी गोष्ट सर्वांत आधी समजून घ्यायची, ती या रोलने मला फुकट शिकवली होती. समजायला मात्र वेळ लागला. गुळगुळीत रंगाची गाडी हा मुख्यतः आरसा असतो. विशेषतः काळी गाडी. तिच्या स्वतःच्या पृष्ठभागावरून फारच थोडा प्रकाश आपल्याकडे येतो. आपल्याला तिचा जो आकार दिसतो तो तिच्यात उमटलेल्या आकाशाचा, झाडांचा आणि समोरच्या भिंतीचा बाक असतो. त्यामुळे काळ्या मोटारीचा फोटो काढायचा म्हणजे तिच्यासमोर काय आहे ते निवडायचे. बॉनेट आणि टप आकाशाकडे पाहत असतात, म्हणून त्यांच्यावर आकाश येते. दरवाजे रस्त्यापलीकडे पाहत असतात, म्हणून त्यांच्यावर रस्त्यापलीकडचे सर्व काही येते; आणि पुण्यात रस्त्यापलीकडे बहुधा कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. एका १९३८ सालच्या शेव्हरोलेच्या दरवाजावर ‘भाऊंना उदंड आयुष्य लाभो’ हे उलट्या अक्षरांत इतके स्पष्ट उमटले होते की मालकांनी तो फोटो घ्यायला नकार दिला. गाडी सहा फूट पुढे ढकलून घेतली असती तर भाऊ दरवाजावरून निघून गेले असते.

म्हणून कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारावी, आणि त्या फेरीत गाडीकडे न पाहता तिच्यात काय दिसते ते पाहावे. दुसरी फेरी विरुद्ध दिशेने मारावी, कारण तेवढ्यानेही वेगळ्या गोष्टी दिसतात. सपाट दरवाजावर तुमचे प्रतिबिंब नको असेल तर त्याच्याकडे काटकोनात उभे राहू नका. थोडे तिरपे सरकलात की तुम्ही आरशातून बाहेर पडता. हेडलाइटचे वाडगे आणि चाकाच्या टोप्या फुगीर असल्याने त्यांच्यातून मात्र सुटका नाही. तिथे तुम्ही असणारच. तेव्हा निदान भडक केशरी टी-शर्ट घालून येऊ नये आणि शक्य तितके लांब उभे राहावे, म्हणजे तुमचा आकार ठिपक्याएवढा होतो.

प्रतिबिंब घालवण्यासाठी ध्रुवण फिल्टर, म्हणजे पोलरायझर, वापरावा असे पुस्तकात वाचायला मिळते. ते खरे आहे, पण अर्धेच. काच किंवा रंगाचा लेप यांच्यावरून तिरपा परतलेला प्रकाश ध्रुवित असतो, आणि पृष्ठभागाशी साधारण ३४ अंशांचा कोन केला तर तो जवळजवळ पूर्ण अडवता येतो. उघड्या धातूवरून परतलेला प्रकाश मात्र तसा वागत नाही, त्यामुळे क्रोमच्या बंपरवर हा फिल्टर कितीही फिरवला तरी चमक हटत नाही. मोबाइलसाठी वेगळा फिल्टर विकत घेण्याची गरज नाही. पोलराइज्ड गॉगल असेल तर त्याची एक काच भिंगासमोर धरा. समोरची काच आणि बॉनेट यांच्यासाठी गॉगल नेहमीसारखा आडवा धरावा, आणि उभ्या दरवाजाची चमक मारायची असेल तर तोच काटकोनात फिरवावा. मी हे प्रात्यक्षिक एका लग्नाच्या वरातीच्या गाडीवर केले होते, तेव्हा नवरदेवाच्या काकांना मी गॉगलने गाडीची दृष्ट काढतो आहे असे वाटले.

क्रोमचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. विसाच्या दशकाच्या शेवटापर्यंत मोटारींवर क्रोमियमचा मुलामा नसे, निकलचा असे. क्रोमची चमक थंड आणि किंचित निळसर असते, निकलची उबदार आणि पिवळसर, जराशी आपल्या जुन्या जर्मन सिल्व्हरच्या ताटल्यांसारखी. डोळ्याला हा फरक लगेच कळतो, पण मोबाइल मात्र पांढऱ्याला पांढरे करण्याच्या उत्साहात निकलचा पिवळेपणा धुऊन टाकतो, आणि मग १९२६ सालच्या गाडीचे रेडिएटर परवा मुलामा दिल्यासारखे दिसते. रंगतोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, हाताने ठरवण्याची सोय मोबाइलमध्ये असेल तर ती ‘ऊन’ या खुणेवर ठेवावी आणि मग तिला हात लावू नये.

आता प्रतिबिंब टाळण्याऐवजी ते आणण्याविषयी बोलू. त्यासाठी लागणारे साहित्य घरात असते: एक पांढरी दुहेरी चादर आणि ती धरायला दोन माणसे. जाहिरातींसाठी मोटारींचे फोटो काढतात त्या स्टुडिओंत गाडीच्या वर मोठमोठे पांढरे पडदे टांगलेले असतात. आपली चादर म्हणजे त्यांचीच गरीब नातलग. काळ्या किंवा गडद मरून गाडीच्या मडगार्डापासून सहा-सात फुटांवर, चौकटीच्या बाहेर, चादर ताणून उभी धरली की मडगार्डाच्या वळणावर एक लांब, मऊ, पांढरी रेघ उमटते. चादर वर-खाली केली की रेघ मडगार्डावरून सरकते. ती रेघ योग्य जागी आली की पत्र्याचा सगळा बाक एका फटक्यात दिसतो. काळ्या मॉरिसचे फोटो काढून चाळीस वर्षे झाल्यावर मी हे पहिल्यांदा करून पाहिले आणि इतकी वर्षे आपण पत्र्याऐवजी नुसता अंधार टिपत होतो हे लक्षात आले. पत्र्याला कोठे पोचा असेल, लांबी, म्हणजे पुटी, भरून दुरुस्ती केली असेल, तर ती रेघ तिथे लगेच थरथरते. गाडी विकत घेणारे अनुभवी लोक ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबात हेच पाहत असतात. मालक गाडी विकायच्या बेतात असतील तर चादर जपून वापरा.

आता जिन्याखालची चेतक. पहिला फोटो मी साधारण तीन फुटांवरून काढला. त्यात पुढचे मडगार्ड भोपळ्याएवढे झाले आहे, हेडलाइट डोळे वटारून पाहतो आहे, आणि मागची सीट जणू शेजारच्या वॉर्डात आहे. दुसरा फोटो वीस फुटांवरून, दुप्पट मोठे करण्याचे बटण दाबून काढला. तीच स्कूटर, तोच कोन, पण आता ती चेतक दिसते. अनेकांना वाटते की हा भिंगाचा दोष आहे. प्रत्यक्षात तो अंतराचा परिणाम असतो. अँबेसेडरची लांबी सव्वाचार मीटरच्या थोडी वर आहे. तुम्ही तिच्या पुढच्या दिव्यापासून दीड मीटरवर उभे राहिलात तर मागचा दिवा तुमच्यापासून सुमारे पावणेसहा मीटरवर असतो, म्हणजे सारख्या आकाराच्या दोन वस्तूंपैकी पुढची जवळजवळ चौपट मोठी दिसणार. तेच तुम्ही आठ मीटरवर गेलात तर हे प्रमाण दीडपटीवर येते, आणि गाडीची ठेवण जशी कारागिरांनी आखली तशी उतरते. मोबाइलचे मुख्य भिंग रुंद पाहणारे असते, त्यामुळे चौकट भरण्यासाठी आपण नकळत जवळ जातो आणि तिथेच फसतो. लांब गेल्यावर गाडी चौकटीत लहान दिसते, ही तक्रार खरी आहे. बारा मेगापिक्सेलच्या चित्राच्या रुंदीत जे चार हजार ठिपके असतात त्यांतले दीड हजारच गाडीच्या वाट्याला येतात. परंतु दीड हजार ठिपक्यांत पाच इंच रुंदीचा स्वच्छ छापील फोटो मिळतो, आणि घरातल्या अल्बममध्ये त्याहून मोठे काय लावायचे असते?

हे अंतराचे गणित मला कोणत्याही पुस्तकाने पटवले नाही. ते एका फियाटच्या मालकांनी पटवले. डेक्कनवर एका बंगल्याच्या पोर्चमध्ये त्यांची १९६५ सालची फियाट अकराशे उभी होती आणि मी फाटकातून अदबीने विचारले, “काका, फोटो काढला तर चालेल का?” त्यांनी वर्तमानपत्र खाली न करता उत्तर दिले, “हात लावू नका. टेकू नका. लांबून काय ते काढा.” मी मुकाट्याने फाटकाच्या बाहेर राहून काढले, आणि त्या गाडीचा त्याहून चांगला फोटो मला आजतागायत मिळालेला नाही. काकांचा राग योग्यही होता. पट्ट्याचे बक्कल, अंगठी, गळ्यात लोंबणारा कॅमेऱ्याचा पट्टा यांनी जुन्या रंगावर जे ओरखडे येतात ते पॉलिशने जात नाहीत, आणि साठ वर्षे टिकलेला मूळ रंग पुन्हा आणता येत नाही. म्हणून विचारणे हे आधी, आणि अंतर राखणे हे लगेच त्यानंतर. चेतकच्या मालकांची मी पुन्हा क्षमा मागतो.

उंचीबद्दल थोडक्यात. उभ्याने काढलेल्या फोटोत गाडीचा टपच जास्त दिसतो आणि ती बसकी वाटते. हेडलाइटच्या उंचीवर या. गुडघे कुरकुरत असतील तर पाट घेऊन बसा. पुढचे चाक असे वळवून घ्या की त्याची टोपी कॅमेऱ्याकडे पाहील, टायरची झिजलेली नक्षी नव्हे.

प्रकाशाचा विषय मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. जुन्या पेटी-कॅमेऱ्यांबरोबर मिळणाऱ्या सूचनांत एक कलम ठरलेले असे: सूर्य पाठीशी ठेवा. त्या काळच्या संथ फिल्मसाठी ते बरोबर होते, कारण भरपूर ऊन मिळाल्याशिवाय चित्रच उमटत नसे. मोटारीच्या बाबतीत मात्र ही सूचना दुहेरी घात करते. सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य पाठीशी घेतला की आपली सावली बॉनेटवर पडते, आणि क्रोमचा प्रत्येक फुगवटा सूर्याचा एक-एक पांढरा ठिपका थेट भिंगात फेकतो. सूर्य खांद्याच्या बाजूला असावा, आणि शक्य असेल तर तो नसावाच. मोकळे आकाश आणि सावली हे जोडपे मोटारीला सर्वांत मानवते. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो तेव्हा त्या भिंतीपुढे बराच वेळ सावली असते आणि वरून उत्तरेचे मोकळे आकाश उजळत असते. तुम्हाला तिथेच गाडी नेऊन उभी करायची आहे असे नाही. परवानग्यांच्या भानगडीत तेवढ्यात हिवाळा संपेल. आपल्या पेठेत, कॉलनीत, उत्तरेकडे तोंड असलेली एखादी साधी दगडी किंवा चुन्याची भिंत शोधून ठेवा. मेच्या मध्यापासून जुलै अखेरीपर्यंत मात्र हे गणित उलटते, कारण त्या दिवसांत पुण्यातला सूर्य दुपारीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ तर उत्तरेकडच्या भिंतींवर तिरपे ऊन येते.

झाडांची सावली पाहून भुलू नका. कोरेगाव पार्कातले वड सुंदर आहेत, पण त्यांच्याखाली उभ्या केलेल्या गाडीवर कवडशांची गोधडी पसरते आणि पत्रा कोठे वळतो हे कळेनासे होते. पावसाळ्याचे ढगाळ दिवस त्यापेक्षा कितीतरी चांगले. सगळे आकाशच तेव्हा एक मोठी चादर होते. अडचण एवढीच की त्या दिवसांत मालक गाडी बाहेर काढत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मध्यम करड्या रंगाचे जग गृहीत धरून चालतो. पांढरी अँबेसेडर चौकट भरून उभी असेल तर तो तिला मळकट करतो. काळी गाडी असेल तर तिला राखाडी करून मागचे आकाश जाळून टाकतो. मोबाइलच्या पडद्यावर गाडीवर बोट टेकवल्यावर सूर्याची जी छोटी खूण येते, ती पांढऱ्या गाडीसाठी थोडी वर आणि काळ्या गाडीसाठी थोडी खाली सरकवा. बहुतेक लोक ती खूण कधी वापरतच नाहीत. अनेक फोटो जोडून उजेड-अंधार समतल करण्याची जी सोय मोबाइल आपण न सांगता वापरतो, ती जमल्यास बंद ठेवा. त्यामुळे क्रोम प्लास्टिकसारखे दिसते आणि मडगार्डाखालचा काळोख उगाच उजळतो. मडगार्डाखाली काळोखच असतो.

चालत्या गाडीविषयी मला दरवेळी विचारले जाते. रॅलीतली जुनी मोटार ताशी तीस किलोमीटरने जात असेल तर एका सेकंदात ती सव्वाआठ मीटरपेक्षा थोडे अधिक अंतर कापते. लख्ख उन्हात मोबाइल शटर इतके जलद करतो, समजा सेकंदाचा हजारावा भाग, की तेवढ्यात गाडी जेमतेम आठ मिलिमीटर सरकते. चाकाचा प्रत्येक आरा थिजतो आणि चालती गाडी उभी केल्यासारखी दिसते. चालकाचा आनंदी चेहरा मग विनाकारण वाटतो. क्लिक थ्रीचे शटर संथ होते, म्हणून गाडीबरोबर कमरेतून वळत वळत कळ दाबली की गाडी रेखीव आणि मागची दुकाने पुसट, असा फोटो अपघाताने का होईना यायचा. मोबाइलकडून हे करून घ्यायचे तर उजेड कमी हवा. रॅली सुटण्याच्या वेळी, सूर्य वर येण्याआधी, रस्त्याच्या सावलीतल्या बाजूला उभे राहा, किंवा मघाचाच गॉगल भिंगापुढे धरा. दहापैकी नऊ फोटो वाया जातील.

वाया गेलेल्या फोटोंवरून झाक आन्री लार्तिग या फ्रेंच मुलाची आठवण येते. १९१२ या सालाने प्रसिद्ध असलेला त्याचा एक फोटो आहे; पुढे काही अभ्यासकांनी तो १९१३ चा ठरवला. शर्यतीची मोटार चौकटीतून निसटते आहे, तिचे मागचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे आणि रस्त्याकडेचे प्रेक्षक व खांब मागे कलले आहेत. त्याच्या कॅमेऱ्यात काचेच्या प्लेटवरून एक अरुंद फट सरकत जाई आणि चित्र पट्ट्यापट्ट्याने उमटे. वरचा पट्टा आणि खालचा पट्टा एकाच क्षणी घेतले गेले नाहीत. कॅमेरा तो गाडीबरोबर वळवत होता, पण गाडीहून संथ. त्यामुळे चाक एका दिशेला कलले आणि स्थिर असलेली माणसे दुसऱ्या दिशेला. त्याने तो फोटो बिघडला म्हणून कित्येक वर्षे बाजूला ठेवला होता. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याच्या फोटोंचे प्रदर्शन भरले आणि या चित्राला जगभर मान मिळाला. वेग कसा दिसतो हे व्यंगचित्रकारांनीसुद्धा कललेल्या चाकांनीच दाखवले आहे. आपल्या मोबाइलमध्ये फट नाही, पण त्याचा सेन्सरही चित्र ओळीओळीनेच वाचतो. मोबाइल आडवा धरून जवळून जाणाऱ्या गाडीचा फोटो काढला तर ती किंचित कलते. उभा धरला तर ती कलण्याऐवजी थोडी ताणली जाते किंवा आखडते. घरी जाताना कर्वे रस्त्यावर रिक्षांवर करून पाहा.

आणखी एका कामासाठी साधा कॅमेरा मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा सरस ठरतो, आणि ते म्हणजे नोंदीचे काम. गाडी डागडुजीसाठी उघडली की तिचे सुटे भाग डब्यांत जातात, फिटर बदलतो, दोन पावसाळे जातात, आणि मग कार्ब्युरेटरची कोणती तार कोठून गेली होती हे कोणालाच आठवत नाही. मोबाइल बॉनेटखाली, डॅशबोर्डमागे, जिथे डोके जात नाही तिथे जातो. भाग सोडवण्याआधी एक, सोडवताना एक आणि त्याखालची जागा दिसेल असा एक, असे तीन फोटो काढावेत. शेजारी सहा इंची पट्टी ठेवावी, आणि पट्टी व मोबाइल दोन्ही त्या भागाला समांतर असावेत. चेतकचे इंजिन उजव्या अंगाला असते, किकही तिकडेच, त्यामुळे हौसेने फोटो काढणारे तीच बाजू काढतात. डाव्या बाजूची पट्टी, तिचे स्क्रू, मागच्या नावाच्या अक्षरांची तिरकी ठेवण यांचे फोटो कोणाकडेच नसतात, आणि जुन्या बाजारात त्याच गोष्टी शोधत लोक बुधवारी आणि रविवारी फिरत असतात. एका परिचितांच्या स्टँडर्ड हेरल्डच्या डिकीवरचे बोधचिन्ह नेमके किती इंच डावीकडे होते हे शेवटी त्यांच्या आई-वडिलांच्या लग्नाच्या फोटोवरून ठरवावे लागले. नवरी गाडीत बसताना काढलेला फोटो होता. वऱ्हाडातल्या एका मुलाने हात थोडा डावीकडे ठेवला असता तर तेही दिसले नसते.

येत्या रविवारी सकाळी पावणेसात वाजता आपण काही गाड्या बघायला जमणार आहोत. एक फियाट, दोन येझ्दी, एक जुनी जीप, आणि मालकांनी मन मोठे केले तर ती जिन्याखालची चेतक. मोबाइल पूर्ण चार्ज करून आणावा, गडद साधा सदरा घालावा, गुडघ्यांसाठी एखादे पोते आणावे. प्रत्येक दोन जणांमागे एक चादर लागेल. चादर पांढरी असावी. फुलाफुलांची आणू नये, कारण मागच्या खेपेला एका येझ्दीच्या पेट्रोलच्या टाकीवर सोलापुरी गुलाब उमटले होते आणि मालकांना ते इतके आवडले की आता ते तसा रंग करून द्यायला पेंटरच्या मागे लागले आहेत.